काडतुसावरची अक्षरे वाचताना

"गावठी कट्टा आणि दोन जिवंत काडतुसे जप्त." मराठी वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्या घराला ही ओळ नवी नाही. तिच्यापुढे कधी "७.६५ एमएम" असते, कधी "बारा बोअर", तर कधी नुसते ".३२". आपण बातमी वाचतो आणि आकड्यांवरून नजर पुढे सरकवतो. आम्ही शिक्षक मंडळी मात्र आकडा दिसला की थांबतो. एखादी संख्या कुठून आली आणि ती काय मोजते, हे कळल्याशिवाय चैन पडत नाही. म्हणून या महिन्यात हा विषय घेतला आहे.

विषय थोडा वेगळा आहे, पण घरापासून दूरचा नाही. कोकणात आणि घाटावर अनेक मुसलमान घरांत दादांच्या किंवा नानांच्या काळातली शेतसंरक्षणाची परवान्याची बंदूक आहे. काही घरांत बंदूक गेली, पण माळ्यावरच्या लोखंडी पेटीत चारदोन काडतुसे राहिली. ती कसली आहेत, चालतील का, ठेवावीत का, फेकावीत का, हे कुणाला माहीत नसते. ती घरातल्या मुलाच्या हाती लागतात किंवा विमानतळावर सामान तपासताना सापडतात, तेव्हा धावपळ सुरू होते. ही अक्षरे वाचता आली तर निम्मे प्रश्न आधीच सुटतात.

आधी शब्द पाहू. 'बंदूक' अरबीतून आला. अरबीत 'बुंदुक' म्हणजे कठीण कवचाचे एक लहान गोल फळ. त्याच्या आकारावरून धनुष्यातून फेकायच्या गोल गोळीला हे नाव मिळाले आणि पुढे गोळी फेकणाऱ्या हत्यारालाच ते चिकटले. 'तोफ' तुर्की आहे. 'काडतूस' आणि उर्दूतला 'कारतूस' हे दोन्ही पोर्तुगिजांकडून आले. त्यांच्या मूळ शब्दाचा अर्थ कागदाची गुंडाळी. आज काडतूस पितळेचे किंवा प्लास्टिकचे असते, पण शब्दात कागद शिल्लक आहे.

ही कागदाची गुंडाळी आपल्या इतिहासात मोठी गोष्ट ठरली. १८५३ च्या नमुन्याच्या एन्फिल्ड रायफलीचे काडतूस कागदी होते. शिपायाने ते दातांनी फाडायचे, आतली दारू नळीत ओतायची आणि गोळी गजाने ठासायची. कागदाला लावलेल्या वंगणात गाय आणि डुक्कर यांची चरबी आहे, ही बातमी १८५७ च्या जानेवारीत कलकत्त्याजवळच्या दमदम छावणीतून पसरली. २४ एप्रिलला मेरठमध्ये घोडदळाच्या ९० जणांना काडतुसे देण्यात आली, त्यांतल्या ८५ जणांनी ती घेण्यास नकार दिला. त्यांत हिंदू होते, मुसलमानही होते. ९ मे रोजी सर्वांसमोर त्यांना बेड्या ठोकल्या आणि १० मे रोजी उठाव झाला.

काडतुसाचे चार भाग

बोलताना आपण 'गोळी' आणि 'काडतूस' एकाच अर्थाने वापरतो. खरे तर गोळी हा काडतुसाचा एक भाग आहे. पूर्ण काडतुसात चार वस्तू असतात: बाहेरची पुंगळी, तिच्या बुडाच्या मध्यभागी बसवलेली स्फोटक टोपी, आतली दारू आणि पुढच्या टोकाला गोळी किंवा छर्रे. चाप ओढला की सुई टोपीवर आपटते, टोपी पेटते, तिच्याने दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. पुंगळी मागे राहते. बातमीत 'रिकाम्या पुंगळ्या सापडल्या' असे म्हणतात ते याच भागाबद्दल. चारही भाग जागेवर असून अजून फुटलेले नाही ते 'जिवंत' काडतूस.

टोपीकडे नीट पाहिले की एक गोष्ट कळते. तिच्यावर सुईचा खड्डा असेल आणि पुढे गोळी नसेल, तर ती वापरलेली पुंगळी. खड्डा आहे पण गोळीही जागेवर आहे, तर बार उडाला नाही असा अर्थ. असे काडतूस सर्वांत बेभरवशाचे. त्याला हातोडी लावू नये, पकडीने उघडू नये, चुलीजवळ किंवा उन्हात ठेवू नये. मुलांना हे एकदा स्पष्ट सांगून ठेवावे.

बारा बोअर म्हणजे बारा काय?

आमच्या वर्गात हे गणित मुलांना फार आवडते. एक पौंड शिसे घ्या, म्हणजे सुमारे ४५३.६ ग्रॅम. त्याच्या सारख्या वजनाच्या बारा गोल गोळ्या करा. त्यांतली एक गोळी ज्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. एका गोळीचे वजन ३७.८ ग्रॅम येते. शिशाची घनता ११.३४ धरून व्यास काढा, तो साधारण १८.५ मिलिमीटर भरतो. पौंडाच्या सोळा गोळ्या केल्या तर व्यास १६.८ मिलिमीटर आणि वीस केल्या तर १५.६. म्हणजे बोअरचा आकडा वाढला की नळी लहान होते. अमेरिकेत यालाच गेज म्हणतात.

एक अपवाद लक्षात ठेवावा. '.४१०' नावाची छर्ऱ्यांची लहान बंदूक असते. तो आकडा पौंडाच्या हिशेबाचा नाही, तो सरळ इंचातला व्यास आहे, म्हणजे सुमारे १०.४ मिलिमीटर.

हे गणित केवळ वहीपुरते नाही. वीस बोअरचे काडतूस चुकून बारा बोअरच्या बंदुकीत टाकले तर ते मागे अडत नाही. ते पुढे सरकून नळीत अडकते आणि मागून पाहणाऱ्याला घर रिकामे दिसते. माणसाला वाटते आपण काडतूस भरलेच नाही. तो मागून बारा बोअरचे दुसरे भरतो आणि चाप ओढतो. पुढची वाट बंद असल्यामुळे नळी डाव्या हाताजवळ फुटते. या प्रकारात लोकांची बोटे गेली आहेत. म्हणूनच वीस बोअरची काडतुसे पिवळ्या रंगात काढण्याची पद्धत पडली. तरी जुन्या पेटीतल्या काडतुसांच्या रंगावर विसंबू नये, बुडावरचा आकडा वाचावा.

दुसरा आकडा लांबीचा. बारा बोअरच्या काडतुसावर किंवा त्याच्या खोक्यावर ६५ किंवा ७० मिलिमीटर असे लिहिलेले असते. इंचात ते अडीच आणि पावणेतीन. ही लांबी बार उडून तोंड उघडल्यानंतरच्या पुंगळीची असते. न उडालेले ७० चे काडतूस तोंड दुमडलेले असल्याने ६५ च्या जुन्या बंदुकीत आरामात बसते. उडताना मात्र तोंड उघडायला जागा मिळत नाही, ते नळीच्या अरुंद भागात शिरते आणि आतला दाब वाढतो. 'बसले म्हणजे चालते' हा नियम इथे लागू नाही.

तिसरी खूण छर्ऱ्यांची. खोक्यावर किंवा काडतुसाच्या अंगावर ४, ६, ८ असा आकडा किंवा 'बीबी', 'एसजी', 'एलजी' अशी अक्षरे असतात. इथेही आकडा वाढला की दाणा बारीक होतो. इंग्लिश मापात एका औंसात, म्हणजे २८ ग्रॅममध्ये, ६ नंबरचे सुमारे २७० दाणे येतात, ४ नंबरचे १७०, बीबीचे ७०, एसजीचे अवघे ८ आणि एलजीचे ६. पाखरे हाकण्याचे काडतूस आणि एलजीचे काडतूस बाहेरून सारखेच दिसते, परिणामात मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

इंच, मिलिमीटर आणि नावांचा घोळ

रायफल आणि पिस्तुलांचे हिशेब वेगळे. त्यांच्या नळीचा व्यास थेट मोजतात. आकड्याआधी टिंब असेल तर माप इंचात. '.३०३' म्हणजे एक इंचाचे हजार भाग केले तर त्यांतले ३०३. इंग्रजांनी हे माप १८८८ पासून वापरले आणि आपल्या लोकांच्या तोंडी ते 'थ्री नॉट थ्री' झाले. १३ एप्रिल १९१९ रोजी जालियनवाला बागेत याच मापाच्या १,६५० गोळ्या झाडल्याचे जनरल डायरने चौकशी समितीसमोर स्वतः सांगितले. त्या भिंतींवरच्या खुणा आजही दाखवतात.

पण नावातला आकडा नेहमी खरा व्यास असतोच असे नाही. रायफलच्या नळीत आतून पिळदार खाचा असतात. काही जण खाचांमधल्या उंचवट्यांतले अंतर मोजतात, काही खाचांच्या तळापर्यंतचे. त्यामुळे .३०३ ची गोळी प्रत्यक्षात .३११ इंचांची असते. '.३८ स्पेशल' रिव्हॉल्व्हरची गोळी .३८ नसून .३५७ आहे. जिम कॉर्बेट यांना १९०७ मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल रिग्बी कंपनीची .२७५ ची रायफल भेट मिळाली. त्या रायफलीत चालणारे काडतूस जर्मनीत ७ × ५७ या नावाने विकले जाई. नावे दोन, काडतूस एक. उलट काही वेळा नावातला आकडा सारखा आणि काडतुसे निराळी असतात. '.३२' ची अनेक काडतुसे आहेत. आपल्याकडच्या सरकारी कारखान्याच्या रिव्हॉल्व्हरला 'एस अँड डब्ल्यू लाँग' लागते, तर '.३२ एसीपी' हे पिस्तुलाचे काडतूस, ज्याला मिलिमीटरमध्ये ७.६५ म्हणतात. म्हणून फक्त '.३२' एवढे सांगणे अपुरे, पुढची अक्षरेही वाचावी लागतात.

दोन आकड्यांची नावे आणखी मजेशीर. '.३०-०६' मध्ये पहिला आकडा इंचातला व्यास आणि दुसरा साल, म्हणजे १९०६. '.३०-३०' मध्ये दुसरा ३० हे दारूचे ग्रेन या मापातले वजन. '.५७७/४५०' मध्ये तिरपी रेघ सांगते की .५७७ ची पुंगळी पुढे आवळून .४५० ची गोळी बसवली आहे. तिन्ही नावे एकसारखी दिसतात, पण एकात साल, एकात वजन आणि एकात पुंगळीची मूळ जात. यात एकच एक नियम शोधू नये. प्रत्येक कारखान्याने आपल्या सोयीने नाव ठेवले आणि ते रूढ झाले.

त्या मानाने युरोपची मिलिमीटरची पद्धत सरळ आहे. ७.६२ × ३९ मध्ये पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पुंगळीच्या लांबीचा. ७.६२ × ५१ चा व्यास तोच, पुंगळी लांब. त्यामुळे पहिले काडतूस दुसऱ्याच्या बंदुकीत चालत नाही. मागे इंग्रजी 'आर' असेल तर पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कड आहे असे समजावे. रशियाचे ७.६२ × ५४ आर १८९१ पासून आजतागायत वापरात आहे.

आता अक्षरे. 'एसीपी' म्हणजे ऑटोमॅटिक कोल्ट पिस्टल. 'एस अँड डब्ल्यू' म्हणजे स्मिथ अँड वेसन ही अमेरिकन कंपनी. 'एलआर' म्हणजे लाँग रायफल, हे .२२ च्या नेमबाजीच्या काडतुसाच्या मागे असते. 'मॅग' म्हणजे मॅग्नम, नेहमीपेक्षा जोरकस. 'एनई' म्हणजे नायट्रो एक्स्प्रेस, जुन्या शिकारी रायफलींचे. ९ मिलिमीटरच्या मागे येणारे 'पॅराबेलम' हे 'शांतता हवी तर युद्धाची तयारी ठेव' या लॅटिन म्हणीतून आले. 'एफएमजे' म्हणजे शिशाच्या गोळीवर पूर्ण धातूचे आवरण. 'एसपी' आणि 'जेएचपी' मध्ये टोक उघडे किंवा पोकळ असते, त्यामुळे गोळी शरीरात गेल्यावर पसरते. १८९० च्या दशकात दमदमच्या कारखान्यात अशा गोळ्या बनल्या, म्हणून जगाच्या शब्दकोशात 'दमदम बुलेट' हा शब्द गेला. १८९९ च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरू नयेत असे जाहीर करण्यात आले.

बुडावरचा शिक्का

काडतूस उलटे करून बुडाकडे पाहिले की टोपीभोवती गोलाकार अक्षरे दिसतात. शिकारी काडतुसावर सहसा कंपनीचे नाव आणि माप असते. आपल्याकडच्या जुन्या पेट्यांत 'एली', 'कायनॉक' किंवा 'एली-कायनॉक, आयसीआय' अशी नावे सापडतात. पहिली कंपनी लंडनची, दुसरी बर्मिंगहॅमची, पुढे दोन्ही एक झाल्या आणि इंपीरियल केमिकल इंडस्ट्रीज या मोठ्या कंपनीत गेल्या. यांची बारा बोअरची काडतुसे बहुधा कागदी पुंगळीची असत. कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात कागद फुगतो, मग काडतूस घरात जात नाही किंवा गेले तर निघत नाही. ती आता वापरण्याच्या लायकीची नाहीत असेच समजावे.

लष्करी काडतुसावर माप नसले तरी कारखाना आणि साल बहुधा असते. 'के.एफ. ४२' आणि पुढे रोमन सात असेल, तर किरकी फॅक्टरी, १९४२ साल, मार्क सात. किरकी म्हणजे आपल्या पुण्याची खडकी. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. 'शक्तिमान' नावाची बारा बोअरची काडतुसेही तिथलीच. 'ओ.एफ.व्ही.' म्हणजे ऑर्डनन्स फॅक्टरी वरणगाव, जळगाव जिल्ह्यातली, १९६४ ची. २०२१ मध्ये सरकारी कारखान्यांच्या कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन्ही म्युनिशन्स इंडिया लिमिटेडकडे गेले. रोमन आकड्यानंतर इंग्रजी 'झेड' असेल तर आतली दारू जुन्या कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची आहे. वर्तुळात अधिकाची खूण असेल तर ते नाटो देशांनी ठरवलेल्या मापाचे.

इथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. बुडावरचा शिक्का म्हणजे काडतुसाचा जन्मदाखला. ते कुठे आणि केव्हा बनले हे तो सांगतो. ते कुणी झाडले, कुणी विकत घेतले, झाडणारा कोणत्या गावचा किंवा कोणत्या समाजाचा, यातले काहीही तो सांगत नाही. कुठे गोळीबार झाला की मोबाइलवर पुंगळीचा फोटो फिरतो आणि अक्षरांवरून लोक तास-दोन तासांत गुन्हेगार ठरवतात. अशा वेळी आपल्या घरातल्या मुलांनी तो फोटो पुढे पाठवू नये.

कोणत्या बंदुकीतून बार उडाला हे कळते ते वेगळ्या खुणांवरून. सुईचा ठसा आणि पुंगळी बाहेर ओढणाऱ्या आकड्याचे ओरखडे प्रत्येक बंदुकीचे निराळे असतात. १४ फेब्रुवारी १९२९ रोजी अमेरिकेतल्या शिकागो शहरात सात जणांना भिंतीपाशी उभे करून ठार केले. मारेकऱ्यांपैकी काही पोलिसांच्या गणवेशात होते, म्हणून संशय पोलिसांवर गेला. कॅल्विन गोडार्ड या तज्ज्ञाने .४५ च्या पुंगळ्या तपासल्या. पोलिसांच्या बंदुकींतून बार उडवून त्या पुंगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली शेजारी ठेवल्या. खुणा जुळल्या नाहीत, पोलीस निर्दोष ठरले. वर्षाच्या शेवटी एका गुन्हेगाराच्या घरी दोन बंदुका सापडल्या, त्यांच्याशी मात्र खुणा जुळल्या. शिक्का तर त्या पुंगळ्यांवरही होता, पण निर्दोष कोण हे सुईच्या ठशाने ठरवले. तपास म्हणजे हे संथ काम.

बंदुकीच्या अंगावरचे लेखन

जुन्या इंग्लिश दुनळी बंदुकीची नळी उघडली की खालच्या बाजूला बारीक शिक्के दिसतात. ते सजावट नव्हेत, परीक्षेचे निकाल आहेत. इंग्लंडमध्ये नळी विकण्यापूर्वी नेहमीपेक्षा जास्त दारू भरून ती उडवून पाहतात. टिकली तर शिक्का, फुटली तर भंगार. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला सनद १६३७ मध्ये मिळाली, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ चे. मुकुटाखाली 'बीपी' म्हणजे बर्मिंगहॅमची परीक्षा. चौकटीत १२ आणि खाली 'सी' म्हणजे बारा बोअरचे घर. 'नॉट फॉर बॉल' म्हणजे नळीचे तोंड आवळलेले आहे, अखंड गोळी यातून उडवू नका, फक्त छर्रे.

सर्वांत महत्त्वाचा शिक्का 'नायट्रो प्रूफ' किंवा मुकुटाखालचा 'एनपी'. जुनी दारू काळी, धुराची. आजच्या काडतुसातली दारू बिनधुराची आणि तिचा दाब वेगळा. हा शिक्का नसलेली नळी आजच्या दारूसाठी तपासलेली नाही. नळीवर पाण्याच्या तरंगांसारखी नक्षी दिसत असेल तर विशेष सावध राहावे. अशा नळ्यांना दमास्कस म्हणतात. नाव सीरियाच्या दमिश्कचे, पण आपल्याकडे आलेल्या बहुतेक बेल्जियम आणि बर्मिंगहॅमच्या. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, गुंडाळून, ठोकून त्या घडवत. दिसायला अप्रतिम, पण जोडांच्या आत गंज शिरला तर बाहेरून कळत नाही. ठासणीच्या बंदुकीला तर आत दारू राहिली आहे का हेही बाहेरून दिसत नाही. भिंतीवर टांगण्यापूर्वी ती परवानाधारक बंदूक-विक्रेत्याकडून तपासून घ्यावी.

परवान्यावरची अक्षरे आणि घरातला प्रश्न

परवान्यावर 'एनपीबी' म्हणजे सामान्य नागरिकाला मिळू शकणारे माप आणि 'पीबी' म्हणजे प्रतिबंधित. बारा बोअर, .२२, .३२, .३१५ ही पहिल्या गटातली, ९ मिलिमीटर आणि .३०३ दुसऱ्या गटातली. .३१५ आपल्याकडे एवढे का दिसते? इंग्रज सरकारला आपल्या सैन्याचे काडतूस प्रजेच्या हाती नको होते, म्हणून नागरी रायफलींना वेगळे माप आले आणि ते स्वातंत्र्यानंतरही राहिले. 'यूआयएन' म्हणजे परवानाधारकाचा राष्ट्रीय नोंदीतला क्रमांक.

अब्बांचे किंवा दादांचे निधन झाल्यावर काय करायचे, हा खरा प्रश्न. मरहूमांच्या मालमत्तेची वाटणी करताना बंदूक तरक्यात धरली जाते, तिची किंमत वारसांच्या हक्काची आहे. पण मालकी आणि ताबा या दोन गोष्टी कायद्याने वेगळ्या आहेत. परवाना माणसाचा असतो, घराचा नसतो. तो माणूस गेला की घरात ठेवलेली बंदूक आणि काडतुसे दोन्ही विनापरवाना होतात. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम २१ नुसार ती विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची असतात. जमा केली म्हणजे गमावली असे नाही. वारस स्वतःचा परवाना काढून ती परत घेऊ शकतो किंवा पात्र माणसाला विकून पैसे घेऊ शकतो. परवान्यासाठी वय किमान २१ लागते. २०१६ च्या शस्त्र नियमांत वारसासाठी स्वतंत्र तरतूद आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला किंवा बंदूक त्याच्याकडे २५ वर्षे राहिली, तर त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे अर्ज करता येतो. घरातल्या वडीलधाऱ्यांनी हे आधीच केले तर मागे राहिलेल्यांची धावपळ वाचते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, हेही वारसांनी लक्षात घ्यावे.

काडतुसांबाबत एक मोठा गैरसमज आहे. 'बंदूक जमा केली, चार काडतुसे राहिली तर काय बिघडले?' बिघडते. कायद्यात दारूगोळ्यालाही परवाना लागतो, एका काडतुसालाही. उमऱ्याला निघालेल्या माणसाच्या बॅगेच्या खिशात जुने काडतूस निघावे आणि विमान सुटून जावे, हे कुणावरही येऊ शकते, कारण ती बॅग बहुधा घरातल्या कुणाची तरी जुनी असते. वस्तू आपल्याकडे आहे याची जाणीव असल्याशिवाय तिचा ताबा गुन्हा ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७२ च्या एका निकालात सांगितले आहे. त्याच आधारावर उच्च न्यायालयांनी असे कित्येक खटले रद्द केले. पण तिथवर पोहोचेपर्यंत गुन्हा नोंदला जातो, वकील लागतो, महिने जातात. आणि जेद्दा किंवा दुबईच्या विमानतळावर आपले निकाल कामाचे नाहीत.

तेव्हा प्रवासाला निघण्यापूर्वी जुनी बॅग पूर्ण उलटी करून, प्रत्येक खिसा चाचपून रिकामी करावी. माळ्यावरची पेटी घरातल्या मोठ्या माणसाने एकदा उघडावी, मुलांना बाजूला ठेवून. काडतुसे सापडली तर ती चुलीत, विहिरीत, कचऱ्यात किंवा समुद्रात टाकू नयेत. जुना परवाना आणि निधनाचा दाखला शोधून ठेवावा. काडतुसे किती आणि बुडावर काय लिहिले आहे, हे कागदावर उतरवून घ्यावे. पेटी घेऊन एकट्याने बाजारातून हिंडू नये. आधी पोलीस ठाण्यात फोन करावा, गावचे पोलीस पाटील ओळखीचे असतील तर त्यांना सोबत घ्यावे. लेखी अर्जासह काडतुसे जमा करावीत आणि पोच मागून घ्यावी. पोचपावतीवर संख्या आणि माप दोन्ही लिहिलेले आहे ना, हे तिथेच उभे राहून वाचावे. 'जुनी काडतुसे, काही नग' एवढेच लिहिले असेल तर नम्रपणे दुरुस्ती करून घ्यावी. ती पावती जमिनीच्या कागदांबरोबर जपून ठेवावी.